थेरेमिनची मींड लॅपटॉपच्या सिंथवर कशी आणायची

नौपाड्यातल्या आमच्या घरी पेटी आहे, पण पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. थेरेमिन, म्हणजे स्पर्श न करता अँटेनाजवळ हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घेतलं ते त्या मींडेसाठीच. म्हणून थेरेमिनच्या हाताने लॅपटॉपवरचा सिंथ (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) वाजवायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती: दोन सुरांमधली वाट कुठे तुटायला नको.

आधी जागा. अँटेना आणि तुमचा हात मिळून एक कपॅसिटर होतो, आणि आसपासचं लोखंड त्यात ढवळाढवळ करतं. आमच्या हॉलमध्ये कपाटाचं दार उघडं राहिलं तरी षड्ज सरकतो. त्यामुळे थेरेमिन कपाट आणि खिडकीच्या ग्रिलपासून लांब ठेवा, लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर. अर्थिंग नीट असलेलं सॉकेट हवंच. चालू केल्यावर वीस मिनिटं तापू द्या, मग जुळवा. पावसाळ्यात मी मधेच पुन्हा एकदा जुळवते.

माझं थेरेमिन साधं ॲनालॉग आहे. त्याचा आवाज ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या) लाइन इनपुटला जातो. इंटरफेस ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल), आणि बफर (एका वेळी हाताळायचा गठ्ठा) १२८ सॅम्पलचा. थेरेमिनचा थेट आवाज मॉनिटरमध्ये बंद करा, नाहीतर दोन आवाज मागेपुढे ऐकू येतात आणि कान कोणाचं ऐकावं हे ठरत नाही.

सूर ओळखायला प्युअर डेटा हे ठोकळे जोडून चालवायचं सॉफ्टवेअर वापरते, ते फुकट आहे. त्यातलं सिगमंड हे ऑब्जेक्ट (ठोकळा) सूर मिडी नोटच्या अपूर्णांकात देतं (मिडी ही वाद्यं आणि संगणक यांच्यातली आकड्यांची भाषा, त्यात दर अर्धस्वराला एक आकडा) आणि शेजारून आवाजाची पातळी डेसिबलमध्ये. विंडो (एका वेळी तपासायचा तुकडा) १०२४ ठेवा, हॉप (दोन तपासण्यांमधलं अंतर) १२८. १०२४ सॅम्पल म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. ११० हर्ट्झच्या खर्जाची त्यात जेमतेम दोन आवर्तनं बसतात, ४४० ची नऊ. म्हणून थेरेमिन वरच्या सप्तकात वाजवावं. काळी चारचा माझा षड्ज २०८ हर्ट्झ, पण हाताने मी तो ४१५ वर धरते.

आता खरी गोष्ट. सूर सिंथला मिडीच्या कंट्रोल चेंज या संदेशाने पाठवू नका. त्याला १२८च पायऱ्या. चार सप्तकांवर पसरल्या तर एक पायरी ३७ सेंटहून (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) मोठी होते, आणि कोमल-अतिकोमलमधला फरक तिच्यात बुडून जातो. पिच बेंड या सूर वाकवणाऱ्या संदेशाला १६,३८४ पायऱ्या, म्हणजे चार सप्तकांच्या ४८ अर्धस्वरांत एकेकाला ३४१. सिंथला नोट ६० एकदाच द्या आणि दाबलेलीच ठेवा. सिगमंडच्या आकड्यातून ७२ वजा करा, ३४१.३३ ने गुणा, बेंडआउटला (पिच बेंड बाहेर पाठवणाऱ्या ऑब्जेक्टला) द्या. ६० आणि ७२ मधल्या फरकाने आवाज आपोआप सप्तकभर खाली येतो. बेंडआउटला उणे ८१९२ ते ८१९१ असे आकडे लागतात, बेंड आत घेणाऱ्या बेंडइनसारखे शून्यापासून नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

सूर सापडला नाही की सिगमंड उणे १५०० देतं. तो आकडा पुढे गेला तर आवाज विरताना खाली कोसळतो. मोझेस ३० हे ऑब्जेक्ट लावा, ते ३० पेक्षा लहान आकडे डावीकडे आणि बाकीचे उजवीकडे सोडतं; फक्त उजवीकडचं घ्या, म्हणजे शेवटचा सूर तिथेच टिकतो.

सिगमंडच्या डेसिबल पातळीतून ५० वजा करून २.५४ ने गुणा, ० ते १२७ मध्ये बांधा आणि कंट्रोल चेंज ११ वर सोडा. प्युअर डेटा आणि सिंथ यांच्यातला दुवा विंडोजवर लूपमिडी, मॅकवर आयएसी ड्रायव्हर. पुढे सर्ज एक्सटी हा सिंथ: बेंडची मर्यादा वर-खाली २४ अर्धस्वर, ॲम्प्लिट्यूडचा सस्टेन (नोट दाबलेली असताना टिकणारी पातळी) पूर्ण, आणि व्हॉल्यूमवर राइट क्लिक करून मिडी लर्नने कंट्रोल ११ जोडा. पहिल्या दिवशी साधी साइन लाट घ्या. भरगच्च आवाजात चुका लपतात.

तानपुरा लावा आणि सा ते प अशी मींड आठ मात्रांत सावकाश घ्या. हात पंचमाच्या जागी पोचला, पण कानाला दोन गंधारांच्या मधलं काहीतरी आलं, तर सिंथची बेंड मर्यादा २४ ऐवजी १२ राहिली आहे.