अंतराळातल्या संकटाची गोष्ट लिहायची तर आधी काटा ठरवा

अंतराळातल्या संकटावर लिहायला बसलं की पहिल्याच पानावर स्फोट होतो. मग अलार्म, लाल दिवे, आरडाओरडा. तो स्फोट सरळ काढून टाका. त्या जागी गेजवरचा हळूहळू खाली येणारा एक काटा ठेवा आणि त्या काट्याचा अर्थ कळणारा एक माणूस ठेवा.

मी नागपुरात एका दवाखान्यात ऑक्सिजनच्या मॅनिफोल्ड रूमला, म्हणजे सिलिंडरांतून वॉर्डांना ऑक्सिजन जातो त्या खोलीत, ड्युटी करतो. दोन्ही बाजूंना जम्बो सिलिंडरांच्या रांगा, मधे पॅनल, पॅनलवर दाब दाखवणारे गेज. एक रांग संपत आली की दुसरीवर घ्यायचं. वर वॉर्डात कोण झोपलंय ते मला माहीत नसतं, पण त्याचा श्वास माझ्या गेजवर दिसतो. अंतराळकथेचा नायक मला असाच वाटतो. पाना हातात धरणारा.

म्हणून लिहिण्याआधी हिशेब करा. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. जम्बोत ७ घनमीटर म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास ऑक्सिजन असतो. एकट्याला अकरा दिवस, तिघांना पावणेचार. झालं, कथेची मुदत ठरली!

पण खरा घात ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी होतो. बंद जागेत माणसाला आधी स्वतःनंच सोडलेला कार्बन डायऑक्साइड भोवतो. १० घनमीटरच्या केबिनमध्ये तिघं असतील आणि तो शोषणारं यंत्र बंद पडलं, तर सात-आठ तासांत त्याचं प्रमाण ५ टक्क्यांवर जातं. डोकं ठणकतं, धाप लागते, साधी बेरीज चुकायला लागते. सिलिंडर भरलेले असताना माणसं गुदमरताहेत, यापेक्षा चांगला पेच मला तरी सुचत नाही. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो १३ यानावर हाच पेच पडला. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर तिघं चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात शिरले. तिथल्या शोषक डब्यांची खोबण गोल आणि मुख्य यानातले जादाचे डबे चौकोनी. शेवटी प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून ते जोडले. गोल आणि चौकोन एवढ्यावर तीन जीव टांगलेले होते. तुमच्या कथेतली अडचण एवढी साधी असू द्या.

दुसरं, वजन नसण्याचा विचार प्रत्येक वाक्यात करा. जुलै २०१३ मध्ये इटलीचा अंतराळवीर लुका पार्मितानो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करत होता आणि त्याच्या हेल्मेटात पाणी शिरलं. ते गळून पडेना, कारण तिथे पडायला खाली काही नाहीच. डोक्यामागून सरकत ते कानांत, डोळ्यांवर, मग नाकावर चढलं. दिसेना, ऐकू येईना. सुरक्षेच्या तारेच्या ओढीवरून अंदाज घेत तो दारापर्यंत पोचला. दीडेक लिटर पाण्यात माणूस अंतराळात बुडू शकतो, हे कल्पनेतून सुचणं कठीण आहे. असे प्रसंग वाचून वहीत उतरवत जा.

हवेचंही तसंच. तिथे गरम हवा वर जात नाही. पंखा थांबला तर झोपलेल्याच्या तोंडाशी त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. मे महिन्यात रात्री लाइट गेली आणि कूलर थांबला की आपल्याकडे सगळं घर जागं होतं, तशी ती शांतता वापरा:

पंखा थांबला तशी वैशाली जागी झाली.

“दादा, उठा ना. पंखा बंद पडला दिसते.”

“ऑक्सिजन किती दाखवून राहिला?”

“ऑक्सिजन बरोबर आहे. माझं डोकं दुखून राहिलं, त्याचं काय?”

बस, एवढंच. धोका काय आहे हे लेखकानं सांगण्याआधी वाचकाला कळलं पाहिजे. आणि वैशाली नागपुरातल्या इतवारीची असेल तर तिला इतवारीचंच बोलू द्या. घाबरलेला माणूस घरचंच बोलतो.

अंतर मात्र पक्कं ठरवा. आंतरराष्ट्रीय स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. आपल्या नागपूरवरून जाताना ते पुण्यापेक्षा जवळ असतं. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद. मंगळापर्यंत ३ ते २२ मिनिटं, म्हणजे तिथून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला पाऊण तासही लागेल. मंगळावरची कथा असेल तर पृथ्वीशी गप्पा मारणारे संवाद खोडा. हे आकडे डोळ्यांपुढे राहत नसतील तर नागपुरात गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचा एक खेळ बघून या. खिशात वही ठेवा.

सुटका फुकट नको. १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडणारा पहिला माणूस ठरला. बाहेर त्याचा सूट इतका फुगला की परत आत शिरता येईना. त्यानं झडप उघडली आणि ज्या हवेवर जगत होता तीच थोडी सोडून दिली. तुमच्या नायकाकडेही शेवटी अशी एक झडप हवी आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच वाचकाला दिसलेली हवी. ऐनवेळी धावून आलेलं बचावयान मला पटत नाही. आधीची सगळी मोजदाद त्यानं वाया जाते.

लांबी दीड हजार शब्द पुरे, माणसं दोन किंवा तीन.

कथा झाली की यंत्रावर काम करणाऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा: वायरमन, फिटर, रात्रपाळीची सिस्टर. त्यांनी मधेच थांबवून “मग दुसरं सिलिंडर का नाही लावलं?” असं विचारलं, तर त्याचं उत्तर कथेत आल्याशिवाय ती कुठल्याही दिवाळी अंकाला पाठवू नका.