आखूड पायांची चाबो आणि गोव्याचा पावसाळा

चाबो म्हणजे जपानी बँटम, कोंबडीची एक ठेंगणी जात. कोंबडा सहाशे-सातशे ग्रॅमचा, कोंबडी पाचशे-सहाशेची. छाती पुढे काढलेली, शेपटी डोक्याच्याही वर ताठ उभी, पंखांची टोके जमिनीला लागलेली आणि पाय इतके आखूड की पोट आणि जमीन यांच्यात जेमतेम दोन बोटे मावतात. पांढरे अंग आणि काळी शेपटी हा रंग सगळ्यांत ओळखीचा. शिवाय काळी, कबरी, बदामी असेही प्रकार आहेत. जपानने १९४१ साली या जातीला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. अंडी वर्षाला साठ-सत्तर, तीही तीस ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे अंड्यांसाठी पाळायची असेल तर गावठीच बरी. ही अंगणाची शोभा.

गोव्यात ती पाळायची तर सगळे गणित त्या दोन बोटांवर येते. खुराडे, चारा, औषध, पैदास, कुठेही अडले की कारण बहुधा पायांच्या उंचीत सापडते.

पक्षी निवडताना

कुठलाही ठेंगणा कोंबडा ‘जपानी’ म्हणून खपवला जातो. आधी शेपटी पाहा: मुख्य पिसे पाठीशी काटकोनात उभी हवीत. मग पक्षी हातात उलटा धरून छातीचे हाड बोटाने चाचपा. ते सरळ हवे. वाकडे असेल तर लहानपणी पोषण कमी पडले किंवा दांडीवर लवकर बसवले असे समजावे. बोटे वाकडी नकोत. गुदद्वाराभोवतीची पिसे कोरडी आणि स्वच्छ हवीत. पायांवरचे खवले उचललेले, चुना थापल्यासारखे दिसत असतील तर आत कीड आहे. ती बरी होते, पण भाव पाडून मागायला हरकत नाही.

एक कोंबडा आणि दोन-तीन कोंबड्या, एवढ्यानेच सुरुवात करा. बाजारातून आणा की ओळखीच्याकडून, नवा पक्षी निदान तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासून लांब ठेवायचा. नव्याचे चारापाणी घरच्यांचे उरकल्यावर करायचे, आधी नाही.

खुराडे

चार पक्ष्यांना चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच खुराडे पुरते. उंचीत काटकसर नको, शेपटी छपराला घासली की पिसे मोडतात आणि पुढच्या पिसझडीपर्यंत तशीच राहतात. चिऱ्यांवर दीड फूट उचलून बांधा. गावठी कोंबडी तेवढे उडून चढते, चाबोला फळी लागते: साडेचार-पाच फूट लांब, वर दर दोन इंचांवर आडवी पट्टी ठोकलेली. फळी आखूड केली की चढण उभी होते. मग पक्षी खालीच, खुराड्याच्या पोटाखाली झोपतो आणि सकाळी सापडत नाही.

बसायची दांडी सहा इंचांपेक्षा उंच नको. दीड इंच रुंद, वरून चपटी, कडा घासलेल्या. भिंतीपासून दहा इंच पुढे बसवा, म्हणजे शेपटी मोकळी राहते. अंडी घालायच्या खोक्याची पुढची पट्टी दोन इंचच ठेवा; उंच केली तर कोंबडी बाहेरच अंडे घालून मोकळी होते.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे, मुंगसाला बाहेर ठेवायला नाही. तो ती दातांनी उसवतो. घूस खालून पोखरते, म्हणून जाळी जमिनीत फूटभर पुरा. धामण आणि नाग अंड्यांच्या मागावर येतात, तेव्हा अंडी दिवसातून दोनदा तरी उचलावीत. मुंगूस आणि साप दोघांनाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. साप आत शिरला तर वन खात्याला कळवा, काठी उचलू नका.

पावसाचे चार महिने

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. गावठी कोंबडी चिखलातून चालते. चाबो चिखलातून पोट ओढत जाते. छातीची पिसे भिजतात, पंखांच्या टोकांना मातीचे गोळे लागतात, कातडी लाल होते. मग विष्ठा चिकटून माशी बसली की दोन दिवसांत अळ्या. जातीचा कमकुवतपणा म्हणून याकडे बोट दाखवतात, पण दोष अंगणाचा असतो.

म्हणून पावसात मोकळे सोडायचे नाही, छप्पर असलेले आवार करायचे. चार पक्ष्यांना सहा फूट बाय आठ फूट. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा सहा इंच उंच: खाली चिऱ्याच्या कपच्या, वर बारीक खडी, त्यावर तीन इंच भाताचे तूस. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण या बाजू चुडतांनी (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी) किंवा ताडपत्रीने खालपासून बंद करा आणि पूर्व उघडी ठेवा. चारही बाजू बांधून टाकणे ही नेहमीची चूक. आत दमट वाफ कोंडते, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो आणि सर्दी-खोकला सुरू होतो. कौलांची पागोळी आवाराच्या कडेपासून दोन फूट बाहेर पडली पाहिजे, नाहीतर खालून ओल शिरते.

तूस मुठीत दाबून पाहा. हात उघडल्यावर सुटे झाले तर ठीक, लाडू राहिला तर तेवढा भाग काढून नवे घाला. तुसात चुना मिसळायची मोठ्या शेडांतली पद्धत इथे नको: या पक्ष्याची छाती त्यातच लोळते आणि भाजते.

ओल्या तुसातून येणारा खरा शत्रू म्हणजे रक्ती हगवण, कॉक्सीडिओसिस. उबदार ओलीत त्याचे जंतू एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात आणि तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले आधी सापडतात. पुस्तकात लक्षण असते ‘पंख गळणे’. चाबोचे पंख जन्मभर गळलेलेच असतात! इथे शेपटी पाहायची. निरोगी पक्षी ती उभी धरतो. सकाळी दार उघडल्यावर शेपटी आडवी, मान आत, पिसे फुगलेली दिसली तर विष्ठा तपासा. तांबूस किंवा कॉफीच्या रंगाची असेल तर अँप्रोलियम २० टक्के पावडर एक लिटर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस. दुसरे पाणी ठेवायचे नाही. अँप्रोलियम जंतूंना बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून त्या दिवसांत जीवनसत्त्वांचे टॉनिक पाजले तर औषध वाया जाते. पिल्ले पटापट मरू लागली तर घरचे प्रयोग बंद करून तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

पायांच्या खवल्यांतली कीडही ओलीतच फोफावते. पाय कोमट साबणपाण्यात ब्रशने घासा, पुसा आणि खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली दाट चोपडा. दर तीन दिवसांनी, तीन-चार आठवडे. खवले नखाने उपटू नका, रक्त येते.

चारापाणी

मोठ्या पक्ष्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम. अंडी सुरू झालेल्या कोंबडीला लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे) खाद्य, त्याच्या बरोबरीने संध्याकाळी मूठभर नाचणी किंवा तांदळाची कणी चौघांत. दुकानात ब्रॉयलरचे खाद्य सहज मिळते, पण ते वजन वाढवण्यासाठीच बनवलेले असते. आखूड पायांवर शंभर ग्रॅम जादा चढले की पोट टेकते.

कॅल्शियमला गोव्यात पैसे मोजायची गरज नाही. तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची रिकामी कवचे धुऊन खारटपणा घालवा, उन्हात वाळवा, तव्यावर भाजून खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबडी लागेल तेवढे उचलते. खाद्यात मिसळले तर कोंबड्याच्या पोटात विनाकारण जाते. खाऱ्या सुक्या मासळीची डोकी, काटे मात्र कधीच नको. मीठ कोंबडीला विषासारखे.

पावसात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणा, झाकणाच्या डब्यात, जमिनीवर न टेकवता. कुबट वास आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड ‘उन्हात घालू’ म्हणून ठेवू नये. बुरशी दिसेनाशी होते, तिचे विष राहते.

पाण्याच्या भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या पातळीत हवी. चाबोला ती इतकी खाली येते की तूस उडून पाण्यात पडते. भांड्याखाली लाकडी चौकट ठेवून वर जाळी ठोकली की ओल आणि कचरा दोन्ही खाली जातात.

पैदास: पायांचे गणित

आखूड पायांचे जनुक एकाच पालकाकडून आले तर पिल्लू आखूड पायांचे होते. दोघांकडून आले तर अंड्यातच मरते, बहुतेक पहिल्या आठवड्यातच. म्हणून आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी लावली तर बारा फलित अंड्यांत सरासरी तीन मरतात, सहा आखूड पायांची आणि तीन लांब पायांची निघतात. लांब पायांचे पिल्लू म्हणजे भेसळ नव्हे. तेच पुढे कामाला येते: एक पालक लांब पायांचा, दुसरा आखूड, तर निम्मी पिल्ले आखूड पायांची आणि या जनुकाने मरणारे एकही नाही. कोंबडा लांब पायांचा घ्यावा हे उत्तम, त्याला कोंबडीवर चढता येते. दोघेही लांब पायांचे असतील तर आखूड पाय पुन्हा येणार नाहीत. फलधारणा कमी वाटली तर दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसे कात्रीने कमी करा.

उबवायची अंडी पाच दिवसांच्या आत बसवा. आपल्याकडे खोलीचे तापमान अठ्ठावीस-तीस असते आणि त्यात गर्भ अर्धवट वाढू लागून दमतो. चाबो खुडूक चांगली बसते. अंगाखाली सहाच अंडी, दिवस वीस ते एकवीस. पिंप-थर्माकोलचे घरगुती इन्क्युबेटर वापरत असाल तर पंखा चालू असताना ३७.५ अंश. हवेतच ओल इतकी असते की पावसाळ्यात पहिले अठरा दिवस पाण्याची वाटी ठेवूच नये. तीस ग्रॅमच्या अंड्याचे वजन अठराव्या दिवशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास उतरलेले हवे. दागिने तोलायचा छोटा काटा इथे कामाचा. अठराव्या दिवसानंतर मात्र ओल ६५ टक्क्यांच्या वर न्या.

सातव्या रात्री पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरा. कोळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जीव आहे. अंडे आतून नुसते आरपार दिसत असेल तर फळलेच नव्हते, दोष कोंबड्याचा किंवा पिसांचा. आत तांबडे कडे असेल तर गर्भ मेला. आखूड-आखूड जोडीत चौथाई अंडी अशी निघणारच. आणि पूर्ण वाढलेली पिल्ले कवचात ओली, फुगलेली मेली तर ओल जास्त झाली, वजन उतरले नाही. तीन खुणा, तीन वेगळे दोष. सगळ्यांना ‘बी खराब’ म्हणून मोकळे होऊ नये.

पिल्ले

पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. दहा पिल्लांना दोन फुटी खोक्यात साठ वॉटचा तारेचा बल्ब पुरतो. दिव्याखाली गठ्ठा केला तर थंडी, कोपऱ्यांत पांगून चोच उघडली तर गरम. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात आणि आखूड पाय एकदा फाकला की सरळ करणे कठीण. गोणपाट घाला. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका, पिल्लू अंगठ्याएवढे असते, चमचाभर पाण्यात बुडते. आठ आठवडे स्टार्टर (पिल्लांचे खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे).

लसी: मारेक्स रोगाची पहिल्या दिवशी; पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची पहिली लस) डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या, देवीची सहा आठवड्यांनी आणि मानमोडीचीच दुसरी लस, आर-टू-बी, आठ आठवड्यांनंतर. कुपी शंभर-दोनशे डोसांची येते आणि मिसळल्यावर बर्फात ठेवूनही दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा वाड्यावरच्या सगळ्यांची पिल्ले एकाच दिवशी आणून टोचून घेणे परवडते.

अंडी बसवायला ऑक्टोबर ते डिसेंबर हेच महिने धरा. जानेवारीपर्यंत फुटलेले पिल्लू मिरगाच्या आधी पाच महिन्यांचे होते, पिसे पुरती भरलेली असतात. मार्च-एप्रिलात निघालेले पिल्लू नेमके कोवळ्या वयात जूनच्या ओलीत सापडते. ते सप्टेंबर संपेपर्यंत आवारातही सोडू नये, आत कोरड्या तुसावरच ठेवावे.