वस्तऱ्याची धार भिंगाखाली पाहताना या चुका टाळा

वस्तऱ्याला धार लावताना सगळ्यात जास्त फसवते ती चकाकी. ८००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) उतार, म्हणजे धारेलगत दगडावर घासली जाणारी अरुंद पट्टी, आरशासारखा लखलखला की काम झालं असं वाटतं. माझ्या पहिल्या वस्तऱ्याचं तसंच झालं. भिंगाखाली एक ओरखडा दिसत नव्हता, पण गालावर तो केस कापायच्या ऐवजी ओढत होता. शेवटी धार वर करून पातं दिव्याखाली धरलं आणि सरळ वरून पाहिलं. टोकापासून मध्यापर्यंत एक बारीक पांढरी रेघ चमकत होती. दोन्ही बाजूंचे उतार तिथे एकमेकांना भिडलेच नव्हते, आणि मधली बोथट कड प्रकाश परतवत होती. लागलेल्या धारेवर प्रकाश परतायला जागाच नसते. वरून ती काळी दिसते.

उतार न्याहाळायचा आणि धार पाहायची राहून जायची, ही चूक सर्वांत महागात पडते. ती पांढरी रेघ १००० च्या दगडावरच जायला हवी. पुढचे बारीक दगड फार थोडं पोलाद काढतात, ते बोथट कडेलाही छान पॉलिश करून देतात. शंका असेल तर उतारावर काळा मार्कर फिरवा, दगडावर अगदी हलक्या हाताने दोन-तीन फेरे मारा आणि मग भिंग घ्या. पाठीकडची, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेकडची शाई गेली आणि धारेलगतची तशीच राहिली, तर दगड धारेपर्यंत पोहोचत नाहीये. आधी कुणी पाठीला टेप लावून, म्हणजे पाठ थोडी उचलून धार लावली असेल आणि तुम्ही टेपशिवाय घासत असाल, तर हे हमखास दिसतं. शाई फक्त टोकाला किंवा मुठीकडे राहत असेल, तर दगड सपाट आहे का आणि पातं वाकलंय का, ते तपासा.

भिंगाची ताकद वाढवण्याआधी दिवा हलवून बघा. ओरखड्यांच्या दिशेने प्रकाश आला तर ते लपतात, आडवा आला की उठून दिसतात. त्यामुळे एकाच कोनातून पाहून ‘ओरखडे गेले’ असं ठरवू नका, वस्तरा हातात फिरवत राहा. दगड बदलताना घासण्याची दिशा थोडी बदलली, तर आधीच्या दगडाचे राहिलेले ओरखडे तिरके, वेगळे ओळखू येतात.

बोथट जागा आणि खाचा शोधायला १० ते ३० पट भिंग पुरतं. १०० पटीला फोकस इतका उथळ होतो की अर्धा उतार धूसरच राहतो. शिवाय दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि चांगल्या धारेचं टोक त्याहून बारीक असतं, त्यामुळे ते भिंगातून नीट दिसतच नाही. म्हणून काय बिघडलंय ते भिंग सांगतं. धार किती लागली, ते दाढी करतानाच कळतं.

पाहण्याआधी पातं पुसायला विसरू नका. दगडाचा ओला गाळ आणि पाण्याचा थेंब हुबेहूब खाचेसारखा दिसतो. मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, उलटं कधीच नाही.

खाच खरीच असेल, तर तिच्या समोर पाठीवर मार्करने ठिपका द्या आणि पुढच्या दगडानंतर तीच जागा पुन्हा पाहा. दर वेळी नव्या ठिकाणी खाचा पडत असतील तर हाताचा दाब जास्त आहे, किंवा दगडावर आधीच्या दगडाचा जाड कण राहिलाय. त्याच जागी पुन्हा पुन्हा कड तुटत असेल आणि शेजारी काळे ठिपके असतील, तर तो आत मुरलेला गंज आहे. तो ठिपका पूर्ण संपेपर्यंत १००० वरच घासावं लागतं. धारेलगत अशा ठिपक्यांची ओळच असेल, तर त्या पात्यावर आणखी पोलाद खर्च करू नका.