नकार आला की कुणाला, काय आणि कधी विचारायचं

2022 च्या जूनमध्ये मी इचलकरंजीहून पुण्यात आले. एम.कॉम., टॅली आणि गावाकडे एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काम, एवढी शिदोरी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे आणि दिवसभर अर्ज टाकायचे. चार महिन्यांत सात इंटरव्ह्यू झाले, सातही गेले. दोघांनी नकाराचा मेल तरी पाठवला. उरलेल्या पाचांचं ‘कळवतो’ अजून चालूच आहे.

आई फोनवर विचारायची, “अगं, पण ते म्हणाले काय?” मला सांगता यायचं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पहिल्यांदा विचारलं तेही चुकीचं. एचआरच्या मॅडमना फोन लावला आणि म्हटलं, “माझ्यात काय कमी पडलं?” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “तसं काही नाही, प्रोफाइल छान आहे, पोझिशन होल्डवर गेलीये.” पंधरा दिवसांनी त्याच पोझिशनची जाहिरात परत दिसली. तेव्हा राग आला होता, आता येत नाही. खासगी कंपनीला कारण सांगायचं कायद्याने बंधन नाही, आणि कारण सांगितलं की समोरचा वाद घालतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. शिवाय ‘माझ्यात काय कमी’ याला कुणी शहाणा माणूस उत्तर देईल का?

म्हणून एचआरला नाही, ज्याने कामाचे प्रश्न विचारले त्याला विचारा. इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये बहुतेक वेळा त्याचा पत्ता असतो. नंबर त्याने स्वतः दिला असेल तरच व्हॉट्सॲप. कुठून तरी शोधून काढू नका. प्रश्न एकच, आणि तो कामाबद्दल. आठव्या नकारानंतर मी हे पाठवलं होतं (टू-बी म्हणजे विकणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, ती आपल्या बुकाशी जुळवायची असते):

“सर नमस्कार. मंगळवारी अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या इंटरव्ह्यूला आले होते. निवड झाली नाही हे कळलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. एकच विचारायचं होतं. टू-बी जुळवायला दिलं होतं, त्यात मी कुठे अडकले असं तुम्हाला वाटलं? दोन ओळी सांगितल्यात तरी उपयोग होईल.”

रात्री पावणेदहाला व्हॉइस नोट आली. “मॅडम, उत्तर बरोबर होतं. पण बायोडेटात ॲडव्हान्स एक्सेल लिहिलंय आणि तुम्ही बिलं डोळ्यांनी जुळवत बसलात. व्हीलुकअप लावायचं ना! आणि पार्टीने बिल नंबरात स्लॅश टाकलाय, आपल्या बुकात नाहीये, म्हणून मॅच होत नाही, हे तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही बोलला का नाहीत?”

दिसलं होतं, हे खरंच. मला वाटलं, एवढंसं काय सांगायचं! त्याच रात्री बायोडेटातला ‘ॲडव्हान्स’ खोडला. मग दोनशे खोटी बिलं बनवली, निम्म्यांच्या नंबरांत मुद्दाम स्लॅश, डॅश, पुढे शून्य घातलं आणि रोज जुळवत बसले, मोठ्याने बोलत. शेजारच्या कॉटवरची मुलगी वैतागली होती.

आता वेळ. नकार कळल्यावर त्या दिवशी काहीच पाठवू नका. मी सारसबागेपाशी जाऊन भेळ खायचे. दोन-तीन दिवसांनी लिहा, पण आठवडा उलटू देऊ नका, त्यांनाही मग आठवत नाही. अकाउंट्सवाल्यांचं पंचांग वेगळं असतं: 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं विवरण, 14 ला टू-बी येतं, 20 ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं विवरण. या तारखांना आमच्याकडून उत्तराची अपेक्षा नको. तुमच्या क्षेत्राच्याही अशा तारखा असतील, त्या बघून लिहा. आठवण एकदाच करायची. निळ्या टिका दिसूनही गप्प असतील तर सोडून द्या.

कन्सल्टन्सीतून गेला असाल तर काम सोपं. तुम्ही लागलात तर त्यांना कंपनीकडून पैसे मिळतात, त्यामुळे त्यांनाही कारण हवंच असतं. “कंपनीने तुम्हाला काय कळवलं, तेवढं वाचून दाखवा,” असं म्हणा. तुमच्याकडेच रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारा असेल तर फोन ठेवून द्या.

सरकारी भरतीत मात्र माहिती अधिकार आहे, 2005 चा कायदा. माझ्या मामेभावाने “मला का घेतलं नाही?” असा अर्ज केला होता. उपयोग शून्य, तिथे कागदावर असलेली माहिती मिळते, खुलासा नाही. माझे विषयवार गुण द्या, निवड यादी द्या, असं मागायचं. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत हवा.

मिळालेलं सगळंच मनाला लावून घेऊ नका. “कॉन्फिडन्स कमी वाटला,” असं कुणी म्हणालं तर “कुठल्या उत्तराला वाटला?” एवढं विचारा, सांगता आलं नाही तर ते विसरा. एकाने मला लग्न ठरलंय का ते विचारलं होतं, त्याच्याकडून फीडबॅक काय घ्यायचा? पण दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट बोलली की मी ती वहीत लिहायचे.

अकराव्या इंटरव्ह्यूला भोसरीत नोकरी लागली. आता ज्युनियरचे इंटरव्ह्यू मीही घेते. परवा 20 तारखेला संध्याकाळी सहाला, थ्री-बी भरता भरता, एका मुलाचा मेसेज आला: “सर, फीडबॅक प्लीज.” 22 ला उत्तर दिलं. पहिल्या ओळीत लिहिलं की मी मॅडम आहे, आणि दुसऱ्या ओळीत, त्याची डेबिट नोट कुठे चुकली ते.