बँकॉकमध्ये एकच दिवस आहे? मग या चुका टाळा

मुंबईहून रात्री निघालेलं विमान पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरतं. पुढचं विमान रात्रीचं असतं, नाहीतर दुसऱ्या सकाळी पट्टायाला किंवा फुकेतला निघायचं असतं. मधला दिवस बँकॉकचा. मी याच शहरात राहते, त्यामुळे भाचे, आतेभावंडं, कॉलेजचे मित्र, त्या मित्रांचे शेजारी असे सगळे तो दिवस कसा घालवायचा हे मला विचारतात. आणि तरीही बहुतेकांचा दिवस त्याच त्या कारणांनी वाया जातो. पाहून पाहून जीव तुटतो, म्हणून लिहायला बसले.

सगळंच एका दिवसात कोंबणं

फोनवर येणारी यादी साधारण अशी असते: ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे थाई भाषेत देऊळ), तरंगता बाजार, सफारी वर्ल्ड, चातुचाक, प्रातुनामची खरेदी आणि रात्री क्रूझ. यातला दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार राचाबुरी प्रांतात आहे, शहरापासून सुमारे 100 किलोमीटर. तिथे जाऊन आलात की अर्धा दिवस संपला. चातुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच भरतो, मंगळवारी जाऊन काय मिळणार?

मी सगळ्यांना एकच सांगते: नदी सोडू नका. चाओ फ्राया नदीच्या या काठावर ग्रँड पॅलेस आणि वाट फो, समोरच्या काठावर वाट अरुण. तिन्ही ठिकाणं चालत आणि एका फेरीबोटीत होतात. 2019 पासून मेट्रोची निळी लाइन सनाम चाय स्टेशनपर्यंत येते आणि तिथून वाट फो पाच-सात मिनिटांवर आहे. एवढी सोय झाल्यावरही लोक हॉटेलच्या दारातून टॅक्सीच का करतात, हे मला कळत नाही.

"आज पॅलेस बंद आहे" हे ऐकून मागे फिरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते.

माझा आतेभाऊ आणि वहिनी सकाळी साडेनऊला पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीपाशी पोचले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस पुढे आला. बोलायला अगदी मृदू. "आज बौद्धांचा सण आहे, पॅलेस दुपारी उघडेल. तोवर मोठा उभा बुद्ध बघून या, टुकटुक मी ठरवून देतो, फक्त 20 बाट." दादाला वाटलं, किती भला माणूस. टुकटुकवाल्याने एक छोटं देऊळ दाखवलं आणि तिथून सरळ रत्नांच्या दुकानात नेलं. नीलम घ्या, भारतात दुप्पट भावाने विकला जाईल, असं तासभर ऐकवलं. तिथून सुटले तर शिंप्याच्या दुकानात, आणि तिथे दादाने सुटासाठी आगाऊ पैसे दिले. परत पॅलेसच्या दारात आले तेव्हा पावणेचार वाजले होते. तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. पहारेकऱ्याने सांगितलं की पॅलेस सकाळी साडेआठपासून उघडाच होता. वहिनीला आयुष्यात एकदा पॅलेसमधला तो पाचूचा बुद्ध बघायचा होता. रात्री त्यांचं विमान होतं.

20 बाटमध्ये कोणी तुम्हाला दोन तास हिंडवत नाही. दुकानात गिऱ्हाईक नेलं की टुकटुकवाल्याला इंधनाचं कूपन किंवा कमिशन मिळतं, त्यावर हा धंदा चालतो. तो इतका जुना आहे की पॅलेसबाहेर इंग्रजीत तशी सूचनाही ऐकू येते, तरी लोक फसतात. कारण त्यांना घाई असते, आणि घाईतल्या माणसाला कोणीतरी आपला दिवस आखून दिलेला हवाच असतो.

उपाय सोपा आहे. रस्त्यात कोणीही काहीही सांगो, ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य दरवाजापर्यंत स्वतः चालत जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. राजघराण्याच्या समारंभासाठी पॅलेस कधी कधी खरोखर बंद असतो, पण ते पॅलेसच्या अधिकृत वेबसाइटवर आधीच कळतं. तिकीटही तिथेच काढता येतं, 500 बाट. मी पाहुण्यांना साडेआठला दारात उभं करते. दहानंतर सहलीच्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागतात आणि उन्हात उभं राहण्यातच जोर संपतो.

कपडे

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांचेही. हाफ पँटवर गेलात तर बाहेरून लुंगीसारखी पँट विकत घ्यावी लागेल. 38 अंशांच्या एप्रिलमध्येही नियम तोच. देवळात जायचंय हे घरून निघतानाच माहीत असतं, मग सुती सलवार किंवा पातळ पँट घालायला काय हरकत आहे?

फोटो काढून पुढे पळणं

पॅलेसच्या आवारातल्या वाट फ्रा केवमध्ये पाचूचा बुद्ध आहे. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंचीची, आणि ऋतू बदलला की वर्षातून तीनदा राजा तिचा पोशाख बदलतो. लोक ती बघतात आणि बाहेर पडतात. देवळाभोवतीच्या ओवरीकडे फारसं कोणी वळतच नाही. त्या ओवरीच्या भिंतीवर रामकियेन, म्हणजे थायलंडचं रामायण, 178 चित्रांमध्ये रंगवलं आहे. ते उत्तरेकडून सुरू होतं आणि प्रदक्षिणेच्या दिशेने पुढे जातं. लहानपणापासून रामाची गोष्ट ऐकलेल्या माणसाने इथे अर्धा तास तरी द्यावा. इथला हनुमान पांढराशुभ्र आहे, ब्रह्मचारी नाही, आणि सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या रावणकन्येच्या, सुवर्णमत्स्येच्या, प्रेमात पडतो. माझ्या भाचीने एकेका चित्रापुढे थांबून कोण कोण ओळखू येतं ते शोधलं. पूर्ण दिवसात तिला तेच सगळ्यात आवडलं.

वाट फोमध्येही तसंच. 46 मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धाचा चेहरा टिपला की झालं असं समजू नका. पायांच्या बाजूला जा. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हं आहेत.

तिथून था तियेनच्या धक्क्यावर यायचं. पलीकडे वाट अरुणला नेणारी फेरी पाच बाटची आहे. धक्क्यावर कोणी शेकड्यांत खाजगी होडी देऊ केली तर नको म्हणा.

पैसे, कागद, जेवण

विमानतळावर उतरल्याबरोबर पहिल्याच काउंटरवर सगळे पैसे बदलू नका. खाली रेल्वेच्या मजल्यावर भाव बरा मिळतो.

1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

शाकाहारी असाल तर "नो चिकन, नो फिश" एवढ्यावर विसंबू नका. भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, घालतात आणि त्यांच्या लेखी ते मिठासारखंच आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "जे" लिहिलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडं तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे तो न खाणाऱ्या पाहुण्यांनाही मी निर्धास्त नेते. आणि घरच्यासारखंच हवं असेल तर सनाम चायच्या पुढचं स्टेशन साम योत. तिथून पाहुरात, म्हणजे इथला भारतीय बाजार, चालत गाठता येतो.

परतताना टॅक्सी

संध्याकाळी चार ते आठ या वेळात बँकॉकच्या रस्त्यावर चारचाकीत बसायचं नाही. कॉलेजचा एक मित्र आई-वडिलांना घेऊन आला होता. पावसाळी शुक्रवार, विमान साडेआठचं. प्रातुनामची खरेदी आटोपून पावणेसहाला बॅगा घालून टॅक्सीत बसले. सहाला मी फोन केला तेव्हा गाडी दोन चौकसुद्धा पुढे गेली नव्हती. "उतरा, राचाप्रारोप स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे," मी कळवळून सांगितलं. पण बॅगा होत्या, पाऊस होता, आणि ड्रायव्हर म्हणत होता की पुढे रस्ता मोकळा आहे. विमानतळावर पोचले पावणेआठनंतर. चेक-इन बंद झालं होतं. तिघांची नवी तिकिटं काढावी लागली, आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या ती काळजी वेगळी.

म्हणून बॅगा सकाळीच विमानतळावरच्या सामानघरात ठेवा. एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासानला या, पुलावरून पेचबुरी मेट्रो स्टेशनात शिरा आणि सनाम चायला उतरा. परत याच वाटेने जा, किंवा संध्याकाळी नदीतून यायचं असेल तर नारिंगी झेंड्याच्या बोटीने साथोर्न धक्का गाठा. तिथे सफान ताकसिनला स्कायट्रेन मिळते. सियाम स्टेशनला गाडी बदलून फाया थाई, तिथून विमानतळाची रेल्वे. फाया थाई ते सुवर्णभूमी अर्ध्या तासाच्या आत, 45 बाट. विमान साडेआठचं असेल तर पाचला फाया थाईच्या फलाटावर उभे राहा.