लिनक्सवरच फ्रीबीएसडीसाठी कंपाइल करा
पणजीतल्या ऑफिसात फ्रीबीएसडी १४ (लिनक्ससारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम) चा सर्व्हर, माझा लिनक्स लॅपटॉप फोंड्यात. सी प्रोग्रॅमसाठी वेगळा कंपायलर लागत नाही. क्लँग (कंपायलर) आणि एलएलडी (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर) पुरतात.

१. फ्रीबीएसडीची बेस डॉट टीएक्सझेड (मूळ सिस्टीमच्या फाइलींचा गठ्ठा) उतरवून त्यातले लिब, यूएसआर-लिब आणि यूएसआर-इन्क्लूड एका फोल्डरात काढा.
२. क्लँगला टार्गेट (प्रोग्रॅम कुठे चालणार ते) म्हणून एक्स८६_६४-अननोन-फ्रीबीएसडी१४, सिसरूट (हेडर आणि लायब्ररी जिथून घ्यायच्या ती जागा) म्हणून तो फोल्डर आणि लिंकर म्हणून एलएलडी सांगा. सिसरूट विसरलात तर लिनक्सचेच हेडर उचलले जातात आणि भलतेच एरर येतात. माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेली.
३. तयार झालेला प्रोग्रॅम 'फाइल' कमांडने तपासा. फ्रीबीएसडी दिसलं की पाठवा.

बेस डॉट टीएक्सझेड सर्व्हरवर असलेल्याच आवृत्तीची घ्या. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही.