जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) काढून आयपी फोन (नेटवर्कवरून चालणारे फोन) बसवताना

आधी चालू एक्स्टेन्शनची यादी करा. लिफ्ट, गेटवरची केबिन आणि फॅक्स हमखास सुटतात. तिथे एटीए (साधं यंत्र नेटवर्कला जोडणारा अडॅप्टर) लावून जुनंच यंत्र चालवा.

लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होत नाही. ०७१२ चा (नागपूरचा) जुना नंबर टिकवायचा, तर त्याच कंपनीकडे एसआयपी ट्रंक (नेटवर्कवरून येणारी फोन लाइन) मिळते का ते विचारा. नाहीतर तांब्याची लाइन एफएक्सओ गेटवेवर (जुनी लाइन आयपी फोनच्या यंत्रणेला जोडणारी पेटी) घ्या. इथला नेहमीचा घोळ म्हणजे समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकूनच राहते, कारण गेटवे परदेशी टोनची वाट बघत बसतो. गेटवेच्या सेटिंगमध्ये बिझी टोन ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद, असा भरा.

जी.७११ (आवाज डिजिटल करायची पद्धत) वर एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ९० केबीपीएस लागतात. दहा कॉलना १ एमबीपीएस राखून ठेवा, फोन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कचा स्वतंत्र केलेला भाग) घ्या. कॅट-६ (तांब्याच्या नेटवर्क) केबलची मर्यादा १०० मीटर. नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या लांबलचक शेडमध्ये फायबरच टाका.

आवाज एकाच बाजूला येतोय? बहुतेकदा कारण राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे फोनच्या डेटात फेरफार करणारं सेटिंग. बंद करा.

जुन्या फोनला लाइनवरूनच वीज मिळायची. आता पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारा), राउटर, ओएनटी (फायबर जिथे संपते ती पेटी) सगळं यूपीएसवर हवं. आणि रॅक जिन्याखालच्या कोंदट कपाटात नको. नागपूरच्या मे महिन्यात तिथली बॅटरी लवकर बसते.